लघवीतून रक्त, प्रोस्टेटवर फोडलेलं खापर आणि ट्रायलचा कागद

अबोली_ओहायो | १६ मार्च २०२४

मंडळी, एरवी मी पाककृतींच्या विभागात असते. आज वेगळंच विचारायचं आहे, आणि हातात फक्त दहा दिवस आहेत.

माझे बाबा ७१ वर्षांचे. मूळचे कराडचे, आई गेल्यापासून नऊ वर्षं आमच्याकडे ओहायोत असतात. तीस वर्षं विडी ओढली आणि नातू झाला त्या दिवशी सोडली. प्रोस्टेट वाढल्याचं निदान आठ वर्षांपूर्वी झालं. आधी टॅमसुलोसिन, मग त्याच्या जोडीला फिनास्टराइड. गोळ्या चालू होत्या, रात्रीचं उठणं चारावरून दोनवर आलं होतं, सगळं बरं चाललं होतं.

गेल्या सप्टेंबरात एका सकाळी त्यांना लाल लघवी झाली. "कोकमाच्या सरबतासारखी," हे त्यांचेच शब्द. दुखलं काहीच नाही. दुपारपर्यंत लघवी परत साफ झाली, म्हणून ते कुणाला बोलले नाहीत. डिसेंबरात पुन्हा तेच झालं तेव्हा मला सांगितलं. घराजवळच्या दवाखान्यात गेलो. तिथे जंतुसंसर्ग म्हणून प्रतिजैविकं दिली आणि "प्रोस्टेट मोठं असलं की असं होतं" असं सांगितलं. आम्हालाही ते पटलं, कारण पटायला सोपं होतं. जानेवारीत तिसऱ्यांदा झालं तेव्हा युरॉलॉजिस्टकडे गेलो. दुर्बीण घातली तर मूत्राशयात तीन सेंटीमीटरची गाठ. लगेच खरवडून काढली. रिपोर्ट: कॅन्सर, हाय ग्रेड (आक्रमक जातीचा), टी१ (आतल्या अस्तराच्या खाली शिरलेला), नमुन्यात स्नायू आलेला आहे पण स्नायूत कॅन्सर शिरलेला नाही. पाच आठवड्यांनी पुन्हा खरवडून पाहिलं, ते साफ आलं.

आता डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे नेहमीचा उपचार, मूत्राशयात बीसीजी. दुसरी म्हणजे 'ब्रिज' नावाच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये भाग घेणं. त्यात कॉम्प्युटर चिठ्ठी काढणार: बीसीजी तरी मिळेल, नाहीतर जेमसायटाबीन आणि डोसेटॅक्सेल ही केमोची दोन औषधं, तीही मूत्राशयातच सोडायची. संमतीपत्र जाडजूड आहे आणि सगळं इंग्रजीत. पुण्याचा भाऊ म्हणतो, प्रयोग कशाला. बाबा म्हणतात, "तू म्हणशील ते." त्या तीन शब्दांनी माझी झोप उडाली आहे.

ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

कोयनाकाठ | १६ मार्च

ताई, कराडच्या माणसाला इतक्यात काही होत नाही. दुसऱ्यांदा खरवडल्यावर साफ आलं ही फार मोठी गोष्ट आहे, ती आधी मनात धरा. जाणकार येतीलच.

रंगाऱ्याचा_मुलगा | १६ मार्च

अबोली, माझ्या अण्णांना २०१६ साली हाच आजार झाला, ग्रेडही हीच. म्हणून सविस्तर लिहितो.

अण्णा डोंबिवलीत रंग बनवणाऱ्या कारखान्यात २६ वर्षं होते. लहानपणी त्यांच्या बनियनला धुतल्यावरही गुलाबी झाक असायची. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, विडी-सिगारेट? दुसरा, कामधंदा काय? तेव्हा कळलं की फ्रँकफर्टच्या लुडविग रेन नावाच्या सर्जनने १८९५ सालीच फुक्सिन रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कॅन्सर होतो हे मांडलं होतं. सव्वाशे वर्षं झाली. अण्णांना कारखान्यात हे कुणी कधी सांगितलं नाही. तंबाखूतही त्याच जातीची रसायनं असतात. ती रक्तातून मूत्रपिंडात गाळली जातात आणि लघवीबरोबर तासन्‌तास मूत्राशयात साठून राहतात.

आता बीसीजी. सहा आठवडे, दर गुरुवारी. सकाळपासून पाणी कमी प्यायचं, म्हणजे औषध आत पातळ होत नाही. बारीक नळीतून औषध सोडतात, पाच मिनिटांचं काम. मग दोन तास लघवी धरून ठेवायची. आमच्या डॉक्टरांनी दर पंधरा मिनिटांनी कूस बदलायला सांगितली होती. आई स्वयंपाकघरातला टायमर घेऊन उशाशी बसायची. टायमर वाजला की डावी कूस, वाजला की पालथं. ज्याचं प्रोस्टेट मोठं त्याला हे दोन तास जड जातात, कारण कळ आधीच लवकर येते. तुमच्या डॉक्टरांना हे आत्ताच विचारा.

नंतर लघवी बसूनच करायची, उभ्याने नाही, शिंतोडे उडता कामा नयेत. पहिले सहा तास दर वेळी कमोडमध्ये ब्लीच ओतून पंधरा मिनिटं थांबायचं आणि मगच फ्लश. कारण आत सोडलेले जंतू जिवंत असतात. तिसऱ्या आठवड्यापासून जळजळ वाढली, एक रात्र थंडी वाजून ताप आला आणि सकाळी उतरला. बाकी अण्णा चालते-फिरते राहिले. या वर्षी आठ वर्षं होतील. मूत्राशय जागेवर आहे, अण्णाही.

मनवा | १६ मार्च

एक मिनिट. बीसीजी म्हणजे बाळाच्या दंडावर टोचतात तीच? मूत्राशयात??

निवृत्त_शल्यक | १७ मार्च

मनवा, तीच. टीबीची लस. मी कोल्हापुरात तीस वर्षं युरॉलॉजी केली, आता फक्त बागकाम करतो. ही गोष्ट मला फार प्रिय आहे, म्हणून लांबण लावतो.

काल्मेट आणि गेराँ या दोघांनी फ्रान्समध्ये लील इथे गाईगुरांच्या टीबीचा जंतू बटाटा, पित्त आणि ग्लिसरीन यांच्यावर वाढवला. दर तीन आठवड्यांनी नव्या बटाट्यावर, असं २३० वेळा, तेरा वर्षं, आणि मधे पहिलं महायुद्धही होऊन गेलं. शेवटी त्याची धार गेली. १९२१ साली तो पहिल्यांदा एका बाळाला दिला. पुढे कॅनडात किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात अल्वारो मोरालेस यांनी हीच लस मूत्राशयात सोडून पाहिली. १९७६ साली त्यांचा निबंध आला, त्यात रुग्ण किती होते? नऊ. फक्त नऊ. पण त्यांच्यात गाठी पुन्हा येण्याचं प्रमाण इतकं उतरलं होतं की जगाला लक्ष द्यावं लागलं.

आणि सहाच आठवडे का? त्या लशीच्या पुडक्यात सहा कुप्या येत. आणि दर आठवड्याला का? तर जळजळ आठवडाभरात ओसरत असे. तो आकडा आजही बहुतेक ठिकाणी तसाच पाळला जातो. नंतर अमेरिकेत मोठी ट्रायल झाली, तिचा निकाल २००० साली आला. सहा आठवडे देऊन थांबलेल्यांमध्ये आजार न उलटण्याच्या काळाचा मध्यक, म्हणजे निम्म्या रुग्णांनी गाठलेला काळ, ३५.७ महिने होता. ज्यांना पुढेही तीन वर्षं ठरावीक अंतराने तीन-तीन डोस दिले, त्यांच्यात ७६.८ महिने. दुपटीहून जास्त. हा फरक कुणा एका डॉक्टरच्या अनुभवातून कधीच दिसला नसता. शेकडो माणसांनी चिठ्ठी मान्य केली म्हणून तो दिसला. अबोली, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर यातच आहे.

दोन सूचना. लघवीत उघड रक्त असताना, नळी घालताना इजा झालेली असताना किंवा गाठ खरवडून दोन आठवडे झालेले नसताना बीसीजी देत नाहीत, जंतू रक्तात जाण्याचा धोका असतो. आणि ताप ३८.५ सेल्सिअसच्या वर गेला किंवा दोन दिवस टिकला तर घरी बसू नका, तडक फोन करा. टीबीच्या औषधांपैकी पायराझिनामाइड या जंतूवर चालत नाही, हे तापाला बघणाऱ्या नव्या डॉक्टरलाही सांगावं लागतं.

साशंक | १७ मार्च

सगळ्यांचा आदर राखून विरोधी मत नोंदवतो. नेहमीचा उपचार सिद्ध झालेला आहे, पन्नास वर्षांचा आहे, डॉक्टर स्वतः सांगताहेत की चांगला आहे. मग माझ्या बापाच्या आजारावर चिठ्ठी का टाकायची? इंदूरमध्ये ट्रायलच्या नावाखाली गरिबांचं काय झालं ते आपण वर्तमानपत्रांत वाचलंय, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतोय हेच कळत नव्हतं. अबोली, तुमच्या भावाचं चुकत नाहीये.

पानगळ | १७ मार्च

अवांतर वाटेल, पण लिहिते. हा आजार बायकांनाही होतो आणि आमचं निदान आणखी उशिरा होतं. माझ्या आत्याला चार महिने 'युरिन इन्फेक्शन' म्हणून गोळ्यांवर ठेवलं. कल्चर दर वेळी निगेटिव्ह येत होतं आणि तरी गोळ्या चालूच होत्या. जंतू सापडत नाही आणि रक्त थांबत नाही, म्हणजे कारण दुसरं आहे, एवढं कुणाच्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

ट्रायलवाली | १७ मार्च

साशंक, तुमचा राग मला कळतो. मी पुण्यात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून काम करते आणि इंदूरची आठवण ठेवूनच करते. त्यानंतर बरंच बदललं. भारतात जून २००९ पासून प्रत्येक ट्रायल पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या ट्रायलच्या सरकारी यादीवर नोंदवावी लागते, आणि ती नोंद कुणालाही घरबसल्या बघता येते. २०१९ च्या नियमांनुसार इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई बंधनकारक आहे. तरी कागदावरचा नियम आणि रुग्णासमोरची खुर्ची यांत अंतर असतंच. ते अंतर नातेवाइकांनी प्रश्न विचारून कमी करायचं असतं.

आता ब्रिजबद्दल. ही ट्रायल अमेरिकेच्या सरकारी कॅन्सर संस्थेच्या पैशावर ईकॉग-अ‍ॅक्रिन हा डॉक्टरांचा गट चालवतो. कुठल्या कंपनीचं नवं कोरं औषध खपवायचं आहे, असा तो मामला नाही. दोन्ही औषधं जुनी आहेत. हे मिश्रण आयोवा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी आधी बीसीजी निष्फळ ठरलेल्यांना देऊन पाहिलं, त्यांचे अनुभव चांगले आले. पण ते अनुभव मागे वळून फायली तपासून काढलेले. त्यात डॉक्टर कुणाला काय द्यायचं हे स्वतः ठरवतो, त्यामुळे तुलना नितळ राहत नाही. म्हणून आता ८७० जणांची ट्रायल. प्रश्न असा की नवी जोडी बीसीजीपेक्षा कमी तर पडत नाही ना, आणि त्रास कमी होतो का.

साशंक, 'सिद्ध उपचार सोडून चिठ्ठी' असं वाटतं खरं. पण चिठ्ठीत एका बाजूला तोच सिद्ध उपचार पूर्ण मात्रेत आहे. साखरेचं पाणी कुणालाच मिळणार नाही. ज्या दिवशी एक बाजू नक्की सरस आहे हे डॉक्टरांना खात्रीने माहीत असेल, त्या दिवशी चिठ्ठी टाकणं हा गुन्हा ठरेल. आणि अधूनमधून आकडे तपासणारी स्वतंत्र समिती असते. एक बाजू उघड हरायला लागली तर ती ट्रायल थांबवते.

अबोलीताई, तिथल्या नर्सला हे विचारा. ट्रायल नको म्हटलं तर बीसीजी नक्की मिळेल का, की तुटवड्यामुळे मात्रा कमी करून देतील? ट्रायलमुळे जास्तीच्या किती फेऱ्या, किती दुर्बिणी? मधेच सोडलं तर पुढचा उपचार याच डॉक्टरांकडे होईल ना? कुठल्या तपासणीचा खर्च विम्यावर पडणार? आणि मराठी दुभाषी मागा. तो तुमचा हक्क आहे. पण सही बाबांची आहे, हे विसरू नका. "तू म्हणशील ते" ही संमती नव्हे.

साशंक | १७ मार्च

शेवटची दोन वाक्यं मान्य. बाकीच्यावर विचार करतो.

कंदीपेढा | १८ मार्च

तुटवडा? अमेरिकेत? साध्या लशीचा?

निवृत्त_शल्यक | १८ मार्च

होय. २०१२ साली सनोफीच्या टोरांटोच्या कारखान्यात पाणी शिरलं, मग बुरशी आली, उत्पादन थांबलं, आणि २०१७ मध्ये त्यांनी हे काम कायमचं बंद केलं. तेव्हापासून अमेरिकेला पुरवणारी एकच कंपनी उरली. जिवंत जंतू वाढवायचा असतो, त्याची वाढ सावकाश होते, मागणी आली म्हणून यंत्र जोरात फिरवता येत नाही. आपल्याकडे मूत्राशयाची बीसीजी पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. मी आयुष्यभर तीच वापरली, आणि पुण्याची ती कुपी कॅनडातही पोचली. हडपसरच्या वाटेवरून जाताना मला याचा अभिमान वाटतो.

पिंपळपान | १९ मार्च

धागा वाचून एक विचारायचं धाडस करते. आमचे 'हे' ६३ वर्षांचे आहेत. रात्री चारदा उठतात, धार बारीक झालीय, सुरू व्हायला वेळ लागतो. दाखवायला तयार नाहीत. ऑनलाइन 'सॉ पामेटो'च्या कॅप्सूल मागवल्यात, महिन्याला अडीच हजार जातात. म्हणतात फरक आहे. मला तर तेच चार वेळा दिवा लागलेला दिसतो.

गुळवेल | १९ मार्च

पिंपळपान, माझ्या सासऱ्यांना भोपळ्याच्या बिया आणि गोखरूच्या काढ्याने बरं वाटलं. सगळंच ॲलोपथीच्या चष्म्यातून बघू नये.

निवृत्त_शल्यक | १९ मार्च

गुळवेल, बरं वाटलं हे मी खोटं म्हणत नाही. प्रोस्टेटच्या त्रासाचं वैशिष्ट्यच हे की नुसती साखरेची गोळी दिली तरी बऱ्याच जणांना हलकं वाटतं. त्रास आपला आपण वरखाली होत असतो. म्हणूनच इथे तुलनेशिवाय काही कळत नाही. सॉ पामेटोचं बघा: २०११ साली अमेरिकेत ३६९ पुरुषांवर ७२ आठवडे प्रयोग झाला. मात्रा वाढवत तिप्पट केली. साखरेच्या गोळीपेक्षा तसूभरही फरक निघाला नाही. पिंपळपान, ते अडीच हजार वाचवा.

गोळ्यांचं म्हणाल तर एमटॉप्स नावाची ट्रायल २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. ३,०४७ पुरुष, साडेचार वर्षं. चार वर्षांत आजार पुढे सरकला तो साखरेच्या गोळीवरच्या १७ टक्क्यांचा, दोनपैकी एका औषधावर साधारण १० टक्क्यांचा, आणि दोन्ही औषधं मिळून ५ टक्क्यांचा. अबोलीच्या बाबांना दोन गोळ्या दिल्यात त्यामागचा विचार हा. टॅमसुलोसिनच्या कुळातली औषधं ग्रंथीच्या नि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला स्नायू सैल करतात, काही दिवसांत गुण येतो. फिनास्टराइड ग्रंथी आकसवतं, त्याला सहा महिने धीर धरावा लागतो.

पण गोळी सुरू करण्याआधी तपासणी हवी. यांचं नुसतं प्रोस्टेटच आहे हे कुणी ठरवलंय? साखर पाहिली का? झोपताना पाणी किती पितात? लघवी झाल्यावर आत किती शिल्लक राहते? सात प्रश्नांचा एक तक्ता असतो, पस्तीसपैकी गुण. घरी बसून भरता येतो. तो भरायला लावा, आकडा समोर आला की पुरुष दवाखान्यात जायला तयार होतात, असा माझा अनुभव आहे.

आजोबा_७८ | १९ मार्च

माझंही लिहितो, कुणाच्या उपयोगी पडेल. पुतण्याच्या मुलीचं लग्न, नाशिक. नाक वाहत होतं म्हणून मेडिकलमधून सर्दीची गोळी घेतली. दुपारी पंगत, संध्याकाळी वरात, आणि लक्षात आलं की सकाळपासून लघवीच नाही. रात्री अकराला पोट घागरीसारखं. घामाने कुर्ता भिजला होता आणि बाहेर बँड वाजत होता. हॉस्पिटलात नळी घातली, सव्वा लिटर निघाली. त्या नर्सबाईंचे हात मी जन्मभर विसरणार नाही. कारण ती सर्दीची गोळी. प्रोस्टेटवाल्यांनी ती विचारल्याशिवाय घेऊ नये, हे मला कळलं ते असं.

दुसरं. मोतीबिंदूच्या डॉक्टरांना टॅमसुलोसिनबद्दल आधी सांगा. त्या गोळीने डोळ्याच्या बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ऑपरेशनच्या वेळी ढिला पडतो. आधी माहीत असलं तर ते तयारीने उतरतात. मी सांगितलं नव्हतं. निभावलं.

मनवा | १९ मार्च

आजोबा, सर्दीची गोळी! आमच्या घरी डब्यात दहा पडून असतात. आजच डब्यावर चिठ्ठी लावते, 'बाबांनी घेऊ नये'.

रंगाऱ्याचा_मुलगा | २० मार्च

प्रोस्टेटचा विषय निघालाच आहे तर एक. फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइड चालू असेल तर पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा आकडा साधारण सहा महिन्यांनंतर निम्मा होतो. खरा अंदाज घ्यायला दुप्पट करून वाचायचा. आमच्या काकांचा ३.८ आला, लॅबच्या कागदावर 'नॉर्मल'च्या रकान्यात बसला आणि सगळे निश्चिंत. दुप्पट केला तर ७.६. गोळीचं नाव लॅबला कुणी सांगितलंच नव्हतं.

कोयनाकाठ | २० मार्च

हे माहीत नव्हतं. वडिलांची फाइल काढून बसलोय.

साशंक | २२ मार्च

परत आलो. ब्रिजची नोंद अमेरिकेच्या सरकारी यादीवर जाऊन वाचली, दोन संध्याकाळी गेल्या. माझं म्हणणं थोडं बदलतो. चिठ्ठीबद्दलची माझी भीती ही खरं तर सांगितलं न जाण्याची भीती होती. माझ्या आईला शेवटच्या वर्षी कुठलं औषध चालू होतं हे मला आजही माहीत नाही. कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. इथे निदान प्रत्येक थेंब लिहिलेला आहे. अबोली, तरीही एक विचारतो: चिठ्ठीत केमोची बाजू आली आणि आजार उलटला, तर नंतर बीसीजीची वाट खुली राहते ना? हे लेखी विचारून घ्या.

ट्रायलवाली | २२ मार्च

अगदी योग्य प्रश्न. आणि उलटही विचारा, बीसीजीच्या बाजूने उलटला तर पुढे काय.

अबोली_ओहायो | २७ मार्च

सगळ्यांना एकत्र उत्तर देते, वेगवेगळं लिहायला जमत नाहीये.

चार रात्री जेवणं झाल्यावर ओट्याशेजारच्या टेबलावर संमतीपत्र घेऊन बसलो. मी वाक्य वाचायची, मराठीत सांगायची, बाबा आपल्या एसटीच्या जुन्या डायरीत लिहून घ्यायचे. 'रँडमायझेशन'ला मराठी काय म्हणावं ते मला सुचेना, ते म्हणाले, "पावतीचा नंबर उचलतात तसं." तिसऱ्या रात्री त्यांनी डायरी मिटली आणि विचारलं, "ह्या दोन्हींत माझी पिशवी राहील ना?" पिशवी म्हणजे मूत्राशय. सहा आठवडे मी आकडे शोधत होते आणि त्यांना एवढंच विचारायचं होतं.

डॉक्टरांसमोर मराठी दुभाषी फोनवर होत्या, मूळच्या नागपूरच्या. बाबांनी स्वतः सगळं विचारलं. पिशवी वाचवण्यासाठीच दोन्ही उपचार आहेत, पण खात्री कुणी देऊ शकत नाही, आजार उलटून खोल गेला तर ती काढावी लागेल, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. साशंकजी, तुमचाही प्रश्न विचारला: कुठल्याही बाजूने उलटला तरी दुसरी वाट बंद होत नाही, तेव्हाच्या रिपोर्टनुसार ठरवतील. टॅमसुलोसिन चालूच ठेवायचंय, दोन तास धरायला त्याची मदत होईल असं म्हणाले. फिनास्टराइडही. आणि पीएसए दुप्पट करूनच वाचतात, मी विचारून घेतलं.

बाबांनी सही केली. मराठीत. नर्सने विचारलं चालेल का, मी म्हटलं चालवा.

चिठ्ठीत जेमसायटाबीन-डोसेटॅक्सेल आलं.

रंगाऱ्याचा_मुलगा | २७ मार्च

अण्णांना वाचून दाखवलं. म्हणाले, त्यांना सांग ब्लीचचा वास तरी वाचला.

निवृत्त_शल्यक | २८ मार्च

डोसेटॅक्सेल हे युरोपातल्या यू नावाच्या झाडाच्या पानांपासून काढलेल्या द्रव्यातून बनतं. बागकाम करणाऱ्याला हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही. केमोच्या औषधानंतरही लघवी बसूनच करायची आणि हात साबणाने धुवायचे, शिंतोडे त्वचेला लागू द्यायचे नाहीत. आणि पुढची दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी दुर्बीण, ती एकही चुकवू नका.

अबोली_ओहायो | २२ जून २०२४

पहिली दुर्बीण झाली. पडद्यावर बाबांनी स्वतः पाहिलं. गुलाबी, साफ. "कराडच्या घाटासारखं स्वच्छ धुतलेलं," असं दुभाषीबाईंना सांगत होते आणि त्या बाई आधी हसल्या, मग इंग्रजीत काय म्हणावं म्हणून थांबल्या. सहा आठवड्यांत दोनदा जळजळ झाली, एकदा थकवा आला. आता महिन्यातून एकदा. डायरीत पानं आखून ठेवलीत.

बीसीजीच्या बाजूचे लोकही याच वेटिंग रूममध्ये असतात. बाबांची त्यांतल्या एका शेतकऱ्याशी मैत्री झालीय. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. ट्रॅक्टरच्या इंजिनाबद्दल हातवारे करून बोलतात.

कोयनाकाठ | २२ जून

घाटासारखं! डोळ्यांत पाणी आलं ताई. बाबांना नमस्कार सांगा.

पिंपळपान | २४ जून

निवृत्त_शल्यक सर, तुम्ही सांगितलेला तक्ता यांच्यासमोर ठेवला होता. मार्चपासून टाळत होते. काल अबोलीची शेवटची पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, मलाही झालं होतं. दिवाळीत एकदा आणि पंधरा दिवसांपूर्वी. त्यांना वाटलं बीट खाल्लं म्हणून. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, म्हणून तीच असेल असंही वाटलं. तक्त्यात २१ गुण आलेत. उद्या सकाळी साडेनऊची वेळ मिळाली आहे. सोनोग्राफी सांगितलीय. मी काय लक्षात ठेवू?

निवृत्त_शल्यक | २४ जून

बीटाने लघवी लाल होते हे खरं, पण दोनदा झालं आहे, तेव्हा बीट मनातून काढून टाका. रक्त पातळ करायच्या गोळीवर असलेल्याचीही तपासणी पूर्णच करायची असते. गोळी स्वतःहून बंद करू नका.

सकाळी तासभर आधी चार पेले पाणी प्यायला द्या, मूत्राशय भरलेलं असेल तरच आतलं दिसतं. लघवी झाल्यावर पुन्हा बघायला सांगा, शिल्लक कळेल. कॅप्सूलची बाटली बरोबर न्या. विडी-तंबाखू कधी किती होती ते खरं सांगायला लावा. आणि सोनोग्राफी चांगली आली तरी दुर्बिणीबद्दल विचारल्याशिवाय उठू नका. छोटी किंवा चपटी गाठ तिच्यात सुटते. तपासून आल्यावर इथे लिहा, मी जागा आहे.

पिंपळपान | २४ जून

हो सर. अलार्म साडेसातचा लावलाय.